उरलेले डोंगर

उलुरूच्या खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पहिल्यांदा नजरेत भरतात ते त्याचे कण. हा वालुकाश्म, म्हणजे एके काळची वाळूच. पण तिचे कण घासून गोल झालेले नाहीत, कंगोरे शाबूत आहेत. शिवाय वाळू म्हटली की बहुतेक सगळी गारगोटी असायला हवी, तर इथं फेल्डस्पारचाही मोठा भरणा आहे. फेल्डस्पार हे कच्चं खनिज. हवापाणी लागत राहिलं की त्याची चिकणमाती होऊन जाते. इथं ते अजून फेल्डस्पारच राहिलंय, याचा अर्थ ही वाळू फार लांबून आलेली नाही आणि फार काळ वाहतही राहिलेली नाही. जवळच्याच कुठल्या तरी ग्रॅनाइटच्या डोंगरावरून ती सुटली, पाण्याच्या लोंढ्याबरोबर खाली आली आणि आली तशी गाडली गेली.

मग तो डोंगर कुठे आहे? उलुरूच्या चारी बाजूंना नजर टाकावी तर सपाट लाल जमीन, काटेरी स्पिनिफेक्स गवताचे पुंजके आणि मधूनमधून डेझर्ट ओकची झाडं. एवढी वाळू पुरवील असा डोंगर आसपास नाही.

तो होता. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी आजच्या मध्य ऑस्ट्रेलियात जमिनीचे थर दाबले गेले, तुटले, एकमेकांवर चढले आणि एक प्रचंड पर्वतरांग उभी राहिली. पीटरमन आणि मस्ग्रेव्ह या आजच्या रांगा म्हणजे तिचे बुंधे. या भागात आज उघड्यावर दिसणारे काही खडक एके काळी तीस-चाळीस किलोमीटर खोल होते. म्हणजे वरचं किती निघून गेलं याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. तेव्हा जमिनीवर एक झाड नव्हतं, गवताची काडी नव्हती. माती धरून ठेवायला मुळं नाहीत, पावसाचा मार अडवायला पानं नाहीत. उघड्याबोडक्या डोंगरावर पाऊस कोसळायचा आणि डोंगर खाली वाहायचा. पायथ्याशी वाळूचे आणि गोट्यांचे पंख्यासारखे पसरलेले ढीग साचले, किलोमीटर-किलोमीटर जाडीचे. त्यातल्या वाळूच्या ढिगाचा उलुरू झाला. पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर दुसरा ढीग होता, मोठ्या धोंड्यांचा. त्याचे काटा त्जुटा हे ३६ घुमट झाले. तिथल्या खडकाच्या अंगात ग्रॅनाइटचे आणि बेसॉल्टचे गोटे जसेच्या तसे रुतलेले दिसतात.

पुढे समुद्र आला, त्यानं वर आणखी थर टाकले, सगळ्याचा दगड झाला. मग ४० ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान जमीन पुन्हा एकदा पिळवटली गेली आणि उलुरूचे आडवे थर उभे झाले, जवळजवळ ८५ अंशांत. त्याच्या अंगावर वरून खाली जाणाऱ्या ज्या समांतर वळ्या दिसतात, त्या पावसानं पाडलेल्या नाहीत. ते उभे राहिलेले थरच आहेत, पावसानं फक्त उठावदार केलेले. जमिनीवर ३४८ मीटर दिसतो तो त्या थरांचा नुसता माथा. बाकीचा खडक खाली कित्येक किलोमीटर गेलेला आहे. रंगही वरवरचाच: आतला दगड करडा आहे, त्यातल्या लोखंडाला हवा लागून गंज चढतो म्हणून तो लाल.

म्हणजे जगभरातून लोक जो डोंगर पाहायला येतात, तो एका नाहीशा झालेल्या डोंगराचा चुरा आहे. ऑस्ट्रेलियातले डोंगर समजून घ्यायचे तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. कारण या खंडावर उंची मोजून हाती फारसं काही लागत नाही. काय झिजून गेलं आणि काय उरलं, हे मोजायला लागलं की मात्र थक्क व्हायला होतं.

उंचीचे आकडे आधी सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियाची समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची सुमारे ३३० मीटर. मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर कोशियस्को, २,२२८ मीटर. आपल्या पश्चिम घाटातलं केरळमधलं अनैमुडी त्याच्यापेक्षा साडेचारशे मीटरांहून अधिक उंच आहे. सात खंडांच्या सात सर्वोच्च शिखरांत कोशियस्को सर्वांत ठेंगणं. स्त्शेलेत्स्की नावाचा पोलिश प्रवासी १८४० मध्ये तिथं पोचला, आणि त्या गोलसर माथ्यावरून त्याला क्राकूव शहरातल्या स्मारकाच्या टेकाडाची आठवण झाली. ते टेकाड ज्या पोलिश सेनानीचं, त्याचंच नाव त्यानं शिखराला दिलं. आज थ्रेडबो गावातून पाळण्यात बसून वर जायचं आणि तिथून लोखंडी जाळीच्या पायवाटेनं साडेसहा किलोमीटर चालायचं, की खंडाचा माथा गाठला. जाळी यासाठी, की खालच्या इवल्या आल्पाइन झाडांवर पाय पडू नये.

एवढा मोठा खंड इतका सपाट का, याचं उत्तर त्याच्या जागेत आहे. पर्वत उभे राहतात ते भूपट्ट एकमेकांना भिडतात तिथं, आणि ऑस्ट्रेलियाची भूमी आपल्या भूपट्टाच्या मधोमध बसलेली आहे. धडका बसतात त्या दूर कडेला. हिमयुगात युरोप-अमेरिकेवर बर्फाच्या थरांनी जमीन खरवडली, नवी माती दिली, दऱ्या कोरल्या. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर बर्फाला पाय टेकायला जागा मिळाली ती कोशियस्कोच्या आसपास, थोडीशी. तेव्हा कोट्यवधी वर्षं तिथं प्रामुख्यानं एकच काम चाललं, झिजण्याचं. त्याची किंमत मातीनं मोजली. खंडाच्या बऱ्याच भागात ती धुऊन धुऊन निःसत्त्व झालेली आहे, फॉस्फरस तर नावालाच. पण या झिजेचा एक फायदाही झाला. जिथं नवे पर्वत उठत नाहीत, तिथं जुने दगड भट्टीत परत जात नाहीत. म्हणून पृथ्वीच्या बालपणाची कागदपत्रं सर्वांत चांगली जपली गेली त्या थोड्या जागांपैकी हा एक खंड आहे.

ही कागदपत्रं कुठे वाचायची? मध्यभागी मॅकडॉनल रांगा आहेत, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावाच्या दोन्ही बाजूंना पूर्व-पश्चिम सहाशेहून अधिक किलोमीटर पसरलेल्या. उलुरूला उभं करणारा जो पिळा पडला, त्याच पिळ्यानं या रांगाही उचलल्या. विमानातून त्या एकामागे एक लावलेल्या समांतर कण्यांसारख्या दिसतात. कठीण क्वार्ट्झाइट उभा राहिला, मधला मऊ खडक झिजून दऱ्या झाल्या. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या परिसरातले अरेर्न्ते लोक सांगतात की हे डोंगर पूर्वज सुरवंटांनी घडवले. गावातल्या काही टेकड्या आजही त्यांच्या दृष्टीनं त्या सुरवंटांच्या अंगाचे भाग आहेत, आणि त्यांना धक्का लागू नये याबद्दल ते आग्रही असतात. याच मुलखातल्या अल्बर्ट नमात्जिरा या अरेर्न्ते चित्रकाराची जलरंगातली चित्रं पाहावीत: पुढे पांढऱ्या खोडाचा निलगिरी-कुळातला वृक्ष, मागे जांभळा डोंगर. मेलबर्नला १९३८ मध्ये त्याचं पहिलं प्रदर्शन लागलं आणि सगळी चित्रं विकली गेली.

या रांगांमधून फिंक नदी जाते. जाते म्हणजे बहुतेक वेळा नुसतं कोरडं वाळूचं पात्रच असतं. पण ते पात्र पाहण्यासारखं आहे. नदी डोंगराला वळसा घालत नाही. रांगेमागून रांग आरपार चिरत जाते, आणि तेही सपाट मैदानातल्या नदीसारखी नागमोडी वळणं घेत. एवढ्या खोल घळीत अशी आळसावलेली वळणं कशी, याचा उलगडा असा केला जातो, की वळणं आधीची आहेत, नदी सपाटीवर वाहत होती तेव्हाची. जमीन उठत गेली, वरचे थर झिजत गेले, आणि नदी आपली वाट न सोडता तीच वळणं खडकात खाली खाली उतरवत राहिली. जगातल्या अतिप्राचीन नद्यांमध्ये तिची गणना होते.

आता फ्लिंडर्स. मला विचाराल तर ऑस्ट्रेलियातली सर्वांत विलक्षण डोंगररांग हीच, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवा. अ‍ॅडलेडच्या उत्तरेला ती सुरू होते आणि वाळवंटात जाऊन विरते. तिच्या मध्यावर विल्पेना पाउंड, स्थानिक नाव इकारा: सतराएक किलोमीटर लांब, आठेक किलोमीटर रुंद, चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेला खोलगट भाग. वरून पाहणाऱ्याला हमखास वाटतं, ज्वालामुखीचं तोंड असावं किंवा उल्का पडली असावी. दोन्ही नाही. गोधडी दोन्ही बाजूंनी ढकलली की तिच्या जशा घड्या पडतात, तशा इथल्या थरांना सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी पडल्या. पाउंड ही त्यातली खाली गेलेली घडी. तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना उंचवटे होते. पण वर वाकलेला दगड ताणला जातो, त्याला भेगा पडतात, त्यात पाणी शिरतं. खाली वाकलेला दगड दाबून घट्ट होतो. उंचवटे झिजून सपाट झाले आणि खळगा जागच्या जागी राहून डोंगर बनला. जिथं शिखरं होती तिथं आज दऱ्या आहेत, आणि दरी होती ती डोंगरावर आहे.

तिथल्या अद्न्यामतन्हा लोकांच्या परंपरेत पाउंडच्या भिंती म्हणजे दोन अक्कुरांची, महाकाय सर्पांची, शरीरं. सर्वोच्च टोक सेंट मेरी शिखर, ११७१ मीटर. त्याच्या अगदी माथ्यावर जाऊ नये, खालच्या खिंडीपर्यंतच जावं, अशी त्यांची विनंती आहे. ती मानावी. उलुरूवरची चढाई तर २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायद्यानंच बंद झाली. १९८५ मध्ये याच तारखेला तो खडक तिथल्या मूळ रहिवाशांच्या, अनांगू लोकांच्या मालकीत परत आला होता.

फ्लिंडर्सच्या थरांत जे सापडलं, त्यानं जीवशास्त्राची पुस्तकं बदलायला लावली. १९४६ साली रेग स्प्रिग हा सत्तावीस वर्षांचा सरकारी भूवैज्ञानिक एडिएकरा टेकड्यांत जुन्या खाणी पुन्हा चालू करण्याजोग्या आहेत का, ते तपासायला गेला होता. तिथल्या वालुकाश्माच्या फरशांच्या पोटाशी त्याला गोल-गोल ठसे दिसले, जेलीफिशसारखे. तेव्हाची पक्की समजूत अशी, की कँब्रियन काळाच्या आधी, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांच्या पलीकडे, डोळ्यांना दिसेल असा प्राणी पृथ्वीवर नव्हता. डार्विनलाही हाच प्रश्न छळत होता: प्राणी असे अचानक कुठून उगवले, त्यांचे पूर्वज कुठे गेले? स्प्रिगच्या फरशांवर त्याचं उत्तर होतं. पण त्याचं म्हणणं वर्षानुवर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मऊ अंगाचे प्राणी वाळूच्या दगडात ठसा ठेवून जातील यावर विश्वास बसायला तयार नव्हता. हळूहळू पुरावा वाढला. इंग्लंडमध्ये, रशियात, न्यूफाउंडलंडमध्ये तसेच ठसे मिळाले. त्यातला डिकिन्सोनिया हा लंबगोल, चपटा, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पट्टे असलेला जीव. हा प्राणी की शेवाळ की आणखी काही, यावर कित्येक दशकं वाद चालला. २०१८ मध्ये रशियातल्या जीवाश्मांत कोलेस्टेरॉलचे रासायनिक अवशेष मिळाले, आणि डिकिन्सोनिया प्राणीच होता ही बाजू फार भक्कम झाली.

२००४ मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं पृथ्वीच्या कालगणनेत नवा काळ अधिकृतपणे घातला, एडिएकरन. असं शंभराहून अधिक वर्षांत घडलं नव्हतं. हा काळ ६३.५ कोटी वर्षांपूर्वी कुठल्या थरापासून सुरू झाला म्हणायचं, ती खूण फ्लिंडर्समधल्या एनोरामा ओढ्याच्या काठी खडकात ठोकलेली आहे, कांस्याची एक लहानशी चकती. तिच्या खालचा थर तांबूस, त्यात हिमनद्यांनी आणून टाकलेला गाळ. हा गाळ साचला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताजवळ होती, असं खडकातल्या चुंबकीय खुणा सांगतात. म्हणजे बर्फ विषुववृत्तापर्यंत पोचलेला होता, अख्खी पृथ्वी गोठल्यासारखी होती. चकतीच्या वरचा थर पिवळसर पांढरा, डोलोमाइटचा. बर्फ वितळला, समुद्र चढला, त्याची ती खूण. दोन्ही थरांमध्ये तळहात टेकवता येतो. हाताखाली गोठलेली पृथ्वी, हातावर वितळलेली, आणि तिथून थरांमागून थर चढून गेलं की पहिले प्राणी.

पश्चिमेकडे जावं तर काळ आणखी मागे सरकतो. हॅमर्सली रांगेतलं मीहॅरी शिखर १,२४९ मीटर, तेच पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचं सर्वोच्च. या रांगेच्या करिजिनी राष्ट्रीय उद्यानातल्या घळींत उतरलं की भिंतींवर तांबड्या-करड्या पट्ट्यांचे हजारो थर दिसतात, लोखंडाचा एक, गारेचा एक. हे सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाला साचलं. तेव्हा समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं आणि हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. सूक्ष्म जिवाणूंनी सूर्यप्रकाशावर जगायला सुरुवात केली, प्राणवायू सोडला, आणि तो प्राणवायू आधी समुद्रातल्या लोखंडाला गंजवण्यात खर्ची पडला. तो गंज तळाला बसत गेला. समुद्रातलं लोखंड संपत आलं तेव्हा कुठे हवेत प्राणवायू साठू लागला.

हाच गंज आज पोलादाचा कच्चा माल आहे. ऑस्ट्रेलियानं लोहखनिजाच्या निर्यातीवरची बंदी १९६० मध्ये उठवली आणि या पिलबरा मुलखातल्या डोंगरांचा भाव चढला. न्यूमन गावाजवळ माउंट व्हेलबॅक नावाचा डोंगर होता. नकाशावर नाव अजून तेच आहे, जागेवर पाच किलोमीटरहून लांब खड्डा आहे. २०२० च्या मे महिन्यात याच मुलखात जुकान घळीतल्या दोन गुहा खाणीसाठी सुरुंग लावून उडवल्या गेल्या. त्यातल्या एका गुहेत ४६,००० वर्षांपासूनच्या माणसाच्या वावराचा पुरावा होता. कायद्यानं परवानगी होती, आणि ज्यांच्या त्या गुहा होत्या त्या पूटू कुंटी कुर्रामा व पिनिकुरा लोकांचा विरोधही होता. नंतर खाण कंपनीनं माफी मागितली, तिचे वरिष्ठ अधिकारी पायउतार झाले. पण डोंगर परत बांधता येत नाही. इतक्या वर्षांची झीज सोसून उरलेली गोष्ट एका दुपारी संपवावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच राज्यात, पर्थच्या उत्तरेला सुमारे आठशे किलोमीटरवर जॅक हिल्स नावाच्या बुटक्या टेकड्या आहेत. चित्रात पकडावं असं तिथं काही नाही. पण तिथल्या सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीच्या गोट्यांच्या खडकात झिरकॉनचे बारीक कण आहेत, मिलिमीटरच्याही आतले. त्यातल्या एकाचं वय २००१ मध्ये जाहीर झालं: ४४० कोटी वर्षं. पृथ्वीचं स्वतःचं वय ४५४ कोटी. माणसाच्या हाती लागलेला पृथ्वीवरचा याहून जुना तुकडा नाही. ज्या खडकात हा कण घडला तो खडक केव्हाच झिजून गेला. कण वाहत आला, दुसऱ्या खडकात बसला आणि राहिला. त्याच्या अंगातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून अंदाज निघाला, की तेव्हाच पृथ्वीवर द्रवरूप पाणी असावं. धगधगत्या लाव्ह्याचा गोळा, हे बालपृथ्वीचं जे चित्र आपण शाळेपासून पाहतो, त्याला या वाळूच्या कणानं आव्हान दिलं.

पूर्व किनाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि मराठी वाचकाला ती लगेच ओळखीची वाटेल. केप यॉर्कपासून व्हिक्टोरियापर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर ग्रेट डिव्हायडिंग रेंज जाते. नाव भारदस्त, पण बऱ्याच ठिकाणी आपण रांग ओलांडली हे गाडी चालवणाऱ्याला कळतही नाही. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये डार्विन १८३६ मध्ये गेला तेव्हा त्याचीही निराशा झाली होती. त्याला उत्तुंग रांग अपेक्षित होती आणि समोर चढत जाणारं पठार आलं. मग एका कड्याच्या टोकाशी तो पोचला आणि खालची दरी बघून चकित झाला. समुद्राच्या बाजूनं कडा, आतल्या बाजूनं पठार: आपल्या सह्याद्रीची रचना तीच. कोकणातून वर पाहावं तर भिंत, घाटावरून पाहावं तर माळ. कारणही एकाच जातीचं. दोन्ही ठिकाणी खंड फाटला, समुद्र आत आला आणि तुटलेला काठ उंच राहिला. आपल्याकडे तो काठ दख्खनच्या लाव्ह्याचा, तिकडे बहुतेक जुन्या वालुकाश्माचा नि ग्रॅनाइटचा. म्हणून गोदावरी अरबी समुद्राच्या इतक्या जवळ त्र्यंबकेश्वरला उगवते आणि पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागराला जाते. डार्लिंगचे उगमही पूर्व किनाऱ्याजवळचे, आणि पाणी जातं पश्चिमेला, मरी नदीला मिळून पार दक्षिणेच्या समुद्रात.

एवढंच नाही, हे दोन्ही मुलूख एके काळी एकाच खंडाचे होते. त्या खंडाला गोंडवन हे नाव मिळालं ते आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत ऑस्ट्रेलिया-अंटार्क्टिकापासून सुटला. चंद्रपूरच्या आणि वर्धा खोऱ्याच्या कोळशात ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची लांबट पानं सापडतात; न्यू साउथ वेल्सच्या हंटर खोऱ्यातल्या कोळशातही तीच. एकाच दलदलीच्या जंगलांच्या प्रदेशातून आलेलं इंधन, दोन देशांत, आज हजारो किलोमीटर अंतरावर.

ऑस्ट्रेलिया मात्र थांबलेला नाही. तो दर वर्षी सुमारे सात सेंटिमीटर उत्तर-ईशान्येला सरकतो आहे, इतका, की तिथल्या नकाशांची अक्षांश-रेखांशाची आधाररेषा मध्यंतरी १.८ मीटरनं हलवावी लागली. या सरकण्याची एक खूण पूर्वेकडच्या विझलेल्या ज्वालामुखींत आहे. क्वीन्सलंडपासून व्हिक्टोरियापर्यंत सुमारे दोन हजार किलोमीटर त्यांची माळ आहे, आणि उत्तरेकडचे ३.३ कोटी वर्षांचे, तर दक्षिणेकडचे ९० लाखांचे. खोलवरचा तप्त खडकाचा झोत जागच्या जागी, खंड त्याच्यावरून सरकत गेला आणि जाता जाता पोळत गेला. खंडावरची अशी एवढी लांब माळ जगात दुसरी ठाऊक नाही. दक्षिणेकडच्या एका वेगळ्या पट्ट्यातल्या माउंट गँबियरचा उद्रेक तर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा, माणसांनी पाहिलेला.

कोशियस्कोच्या परिसराबद्दल आणखी एक सांगायला हवं, आणि ते दगडांबद्दल नाही. तिथं उन्हाळ्यात बोगाँग नावाचे करड्या रंगाचे पतंग येतात. क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सच्या मैदानांतून, काही तर हजार किलोमीटरवरून, रात्रीच्या रात्री उडत. थंड हवेच्या गुहा शोधून भिंतीवर खवल्यासारखे एकावर एक बसतात, चौरस मीटरला सतरा हजारांपर्यंत, आणि उन्हाळा निपचित काढतात. शरदात परत फिरतात, अंडी घालतात आणि मरतात. म्हणजे प्रत्येक पतंग हा प्रवास आयुष्यात एकदाच करतो, वाट दाखवणारं कुणी नसताना. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग करतात हे २०१८ मध्ये कळलं, आणि ताऱ्यांवरूनही दिशा धरतात हे २०२५ मध्ये. इथले आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात या पतंगांसाठी डोंगरावर जमत. व्हिक्टोरियातल्या क्लॉग्ज गुहेत मिळालेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्यावर पतंगांचे अवशेष सापडले आहेत. आणि याच पतंगांवर वसंतात जगतो पर्वती पिग्मी पॉसम, मुठीत मावेल एवढा प्राणी, जो १८९५ पासून फक्त जीवाश्म म्हणून ठाऊक होता. १९६६ मध्ये माउंट हॉथमवरच्या स्की करणाऱ्यांच्या एका घरात तो जिवंत सापडला. २०१७ नंतरच्या दुष्काळात पतंग जवळजवळ दिसेनासे झाले, तेव्हा पॉसमची पिल्लंही उपाशी मेली. हवामान तापलं तर डोंगरावरचे प्राणी वर सरकतात म्हणतात; इथं वर सरकायला जागाच नाही, माथा २,२२८ मीटरला संपतो.

आणि तरीही या खंडाचा खरा माथा कोशियस्को नाही, असं भूविज्ञानाच्या नजरेनं म्हणावं लागेल. न्यू गिनी बेट आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधला समुद्र उथळ आहे, हिमयुगात तिथं कोरडी जमीन होती. न्यू गिनीचा दक्षिण भाग ऑस्ट्रेलियाच्याच भूपट्टावर आहे, त्याच्या पुढच्या कडेला, जिथं धडक बसते आहे. तिथं पुंचाक जया उभा आहे, ४,८८४ मीटर, समुद्राच्या तळाच्या चुनखडीचा, विषुववृत्ताजवळ असूनही माथ्यावर हिमनदीचे शेवटचे तुकडे असलेला. म्हणजे झिजणं आणि उभं राहणं, दोन्ही एकाच खंडावर चालू आहे, एक मध्यावर आणि दुसरं कडेला.

मेलबर्न-सिडनीला आता पुष्कळ मराठी घरं आहेत. नातेवाइकांकडे जाणारे उलुरूला जातात, आणि जावंच. पायथ्याभोवतीची दहा किलोमीटरची वाट चालावी, खडकाच्या वळ्यांवरून नजर फिरवावी. पण हाताशी चार दिवस असतील तर अ‍ॅडलेडहून उत्तरेला फ्लिंडर्सला नक्की जा, गाडीनं साधारण पाच तास. तिथं ब्राचिना घळीतून सुमारे वीस किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, थरांच्या शेजारी त्यांची वयं लिहिलेल्या पाट्या आहेत, आणि एनोरामाच्या काठची ती चकती रस्त्यापासून फार दूर नाही. पाण्याच्या बाटल्या जास्त घ्या, पाऊस पडला असेल तर रस्ता उघडा आहे का ते आधी विचारा, आणि तिथून दगड उचलून आणू नका.